गोळीचा अलार्म वाजला, पुढे काय?

रोजच्या औषधाची गोळी घ्यायची का सुटते असं मला कुणी विचारलं तर "विसरतात हो लोक" हे उत्तर मी सगळ्यात शेवटी देईन. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, एसटी स्टँडपासून जवळ, त्यामुळे आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचं गिऱ्हाईक जास्त, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या देण्यात माझी इतकी वर्षं गेलीत की त्या जोरावर सांगते, विसरणं हे कारण असतंच, पण बऱ्याचदा ते वरवर सांगायचं कारण असतं. खरं काय ते दोन-तीनदा विचारल्यावर बाहेर येतं, तेही दुकानात दुसरं कुणी नसेल तर.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गोळ्यांची आठवण करून देणारी अ‍ॅप्स. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं सुट्टीला गावी येतात, आईच्या हातात नवा फोन देतात, त्यात असं एखादं अ‍ॅप टाकतात आणि मग दुकानात येऊन मला सांगतात की ताई आता काळजी मिटली, रोज सकाळी आठला वाजणार. मला त्या मुलांचं मनापासून कौतुक वाटतं, आईच्या गोळीची चिंता करणारा मुलगा असणं ही साधी गोष्ट नाहीये. पण काळजी मिटली हे मात्र खरं नसतं. आणि ज्यांच्याकडे असा मुलगा नाही, ज्यांचं पोट रोजंदारीवर आहे, घरात एकच फोन आहे, त्यांच्यासाठी तर ही अ‍ॅप्स जशी आहेत तशी जवळजवळ बिनकामाची आहेत. फोनचा उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये बरं का, फोनचा उपयोग खूप आहे, फक्त तो कुणाच्या हातात आणि कशासाठी ते नीट ठरवायला पाहिजे.

आधी गोळी का सुटते ते सांगते.

पैसा हे पहिलं. आमच्याकडे पूर्ण पट्टी घेणारे कमी, "पाच गोळ्या द्या ताई" म्हणणारे जास्त, कारण हातात त्या दिवशीची हजेरी असते आणि त्यातूनच तेल-साखर-गोळी सगळं व्हायचं असतं. पाच संपल्या की पुढच्या पाच कधी, तर पुढच्या बाजाराला, म्हणजे मधले दोन दिवस आपोआप गेले. यात विसरायचा प्रश्न येतोच कुठे? त्या बाईला पक्कं माहितीये की आज गोळी नाही. अशा वेळी अलार्म वाजला तर तो तिला नसलेल्या गोळीची आठवण करून देतो, दुसरं काही नाही. मी पूर्वीपासून अशा लोकांना सांगते की चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात जा, तिथे बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला फुकट मिळतात, किंवा जनऔषधी दुकानात जा, तिथे बीपीच्या अम्लोडिपिनची दहा गोळ्यांची पट्टी एका वडापावपेक्षा कमी पैशात येते. आमचा गल्ला थोडा कमी होतो, होऊ दे, पण ज्याची गोळी चालू राहते तो माणूस सहसा पॅरालिसिस होऊन अंथरुणाला खिळत नाही, आणि असे खिळलेले लोक मी या एका गावात नको इतके बघितलेत.

दुसरं कारण गोळीचा त्रास. बीपीला काहीजणांना पाण्याची गोळी देतात, म्हणजे शरीरातलं जास्तीचं मीठपाणी लघवीवाटे काढणारी, तिने सुरुवातीला लघवीला जास्त जावं लागतं. आता हे घरात राहणाऱ्या माणसाला चालतं, पण जी बाई पहाटे उठून उसाच्या फडात किंवा भांगलायला जाते आणि दिवसभर जिथे आडोसा नाही तिथे बायका-पुरुषांत काम करते, ती ही गोळी घेत नाही. का घेत नाही हे डॉक्टरला सांगत नाही, लाज वाटते. डॉक्टर बघतात की बीपी खाली येत नाही, म्हणून डोस वाढवतात. एका मावशींनी मला अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "ताई, ही गोळी कामावनं आल्यावर खाल्ली तर चालंल का?" एवढाच प्रश्न होता! मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं, सोबत चिठ्ठीवर लिहून दिलं की कामाच्या ठिकाणी संडासची सोय नाही, आणि डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. फोनमधली बहुतेक अ‍ॅप्स हा प्रश्न विचारत नाहीत, ती फक्त "घेतली" आणि "नाही घेतली" अशी दोन बटणं दाखवतात.

अम्लोडिपिनने काहीजणांच्या पायाला सूज येते, शुगरच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं, काही बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो जो महिनोन्महिने जात नाही, आणि लोक काय करतात तर गोळी बंद करतात, सूज उतरली की म्हणतात बघा गोळीनेच होत होतं. होत होतं हे खरंच असतं की, फक्त त्यावर उपाय गोळी बदलणं हा असतो, बंद करणं नाही, पण हे सांगायला त्या वेळी समोर कुणी नसतं.

आणि तिसरं म्हणजे बरं वाटणं. बीपी दुखत नाही, शुगर सुरुवातीला दुखत नाही. ताप उतरला की गोळी बंद हे आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलंय, मग बीपी मोजलं आणि १३० आलं की "आता नॉर्मल झालंय ना, मग कशाला उगीच सवय लावायची" असं वाटणारच. नॉर्मल झालंय ते गोळीमुळे झालंय हे एकदा सांगून पटत नाही, दरवेळी सांगावं लागतं, तेही न रागावता, कारण रागावलं की तो माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो आणि तिथे "रेग्युलर घेतोय" म्हणून सांगतो.

उपवासाचं तर वेगळंच. श्रावणात आणि नवरात्रात माझ्या काउंटरवर शुगरच्या गोळ्यांचा खप कमी झालेला मला स्पष्ट दिसतो. काही बायका नऊ दिवस गोळीच घेत नाहीत, म्हणतात गोळीसुद्धा तोंडात घालायची नाही, आणि काहीजणी गोळी घेतात पण दिवसभर काही खात नाहीत, ते जास्त घातक, कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर एकदम खाली जाते, दरदरून घाम, हातपाय थरथरणं, चक्कर, वेळेत साखर दिली नाही तर बेशुद्धसुद्धा. आता विचार करा, कडक उपवासाच्या एकादशीला सकाळी आठला फोन वाजतो आणि म्हणतो शुगरची गोळी घ्या. त्या अ‍ॅपला एकादशी माहीत नाही. आपल्या लोकांसाठी अ‍ॅप बनवायचं तर त्यात पंचांग पाहिजे असं मी अगदी गंभीरपणे म्हणतेय, चतुर्थी-एकादशी-श्रावणी सोमवारच्या चार दिवस आधी त्याने विचारलं पाहिजे की उपवास धरणार का, धरणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवा. आषाढी वारीचंही तसंच. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत आपल्या जिल्ह्यातूनच जाते, आणि आमच्या भागातली कितीतरी बीपी-शुगरवाली माणसं त्यात चालतात. निघायच्या आधी महिन्याच्या गोळ्या बांधून घेणारे असतात, पण "देवाच्या वाटेवर काय होत नाही" म्हणून गोळ्या घरीच ठेवून जाणारेही असतात, आणि ते कोण हे आता मला तोंडपाठ झालंय.

आता फोनाबद्दल. पहिला प्रश्न, फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांनीच सांगितलं होतं की स्वतः वापरायला मोबाइल आहे, आणि त्यात बटणाचा फोनही धरलेला. उरलेल्या बायकांचा नंबर म्हणून दवाखान्यात जो लिहिलेला असतो तो नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर शेजारच्याचा. त्या फोनवर आठवणीचा मेसेज आला तर तो ज्याच्या खिशात फोन त्याला कळणार आणि तो रानात. शिवाय बीपीचं एक वेळ ठीक आहे, पण टीबी किंवा एचआयव्हीची गोळी असेल तर घरातल्या कुणीही वाचावं असा मेसेज पाठवणं म्हणजे त्या बाईचा संसार धोक्यात घालणं आहे. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीला टीबी झाला तर तिचे आईवडील गोळ्या दुसऱ्या गावातून नेतात हो, इतकी भीती असते.

दुसरं, स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली अ‍ॅप्स स्वतःच बंद करतात. मुलाने पुण्याहून येऊन अ‍ॅप टाकलं, चार दिवस वाजलं, पाचव्या दिवसापासून गप्प, आणि आईला वाटतं फोन बिघडला. यावर उपाय आहे, फोनच्या सेटिंगमधे जाऊन त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून बाहेर काढायचं, ऑटोस्टार्ट चालू करायचं, नोटिफिकेशन आणि अलार्मची परवानगी द्यायची. किंवा सरळ फोनमधलं जे साधं घड्याळ असतं त्यातच रोजचा अलार्म लावायचा, तो सहसा दगा देत नाही. तिसरं, अ‍ॅपमधे गोळीचं नाव इंग्रजीत, आणि सोबत गोळीचं चित्र, तर आमच्याकडे गोळी ओळखतात ती रंगावर आणि पट्टीवर, "ती गुलाबी", "ती चंदेरी पट्टीतली". या महिन्यात सरकारी दवाखान्यात एका कंपनीची आली, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची, गुलाबीची पांढरी झाली, की माणूस एक तर घेत नाही किंवा जुनी उरलेली आणि नवी अशा दोन्ही घेतो. म्हणजे एकच औषध डबल. हे मी स्वतः पकडलंय, एकदा नाही.

दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचते. २०१८ मधे अमेरिकेत ४११ बीपीच्या पेशंटवर एक नीट चाचणी झाली, अर्ध्यांना मेडिसेफ नावाचं गोळीची आठवण करणारं अ‍ॅप, अर्ध्यांना काही नाही, १२ आठवडे. अ‍ॅपवाल्यांनी गोळ्या थोड्या जास्त नियमित घेतल्याचं सांगितलं, पण बीपी मोजलं तर दोन्हीकडे सारखंच. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. मग केनियाचं वाचलं, २०१० मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं, एचआयव्हीचे ५३८ पेशंट, आणि तिथे अ‍ॅपच नव्हतं, साधा एसएमएस, तोही आठवड्यातून एकदाच, आणि त्यात गोळीचा उल्लेखसुद्धा नाही, फक्त "कसं काय?" असं विचारलेलं. पेशंटने ४८ तासांत "ठीक आहे" किंवा "अडचण आहे" एवढंच कळवायचं. अडचण आहे म्हणाला किंवा उत्तरच आलं नाही तर दवाखान्यातली नर्स फोन करायची. त्याने खरोखर फरक पडला, नियमित गोळ्या घेणारे मेसेजवाल्यांत ६२ टक्के, मेसेज नसलेल्यांत ५० टक्के, आणि रक्तातला विषाणू दबलेले पेशंटही मेसेजवाल्यांत जास्त निघाले. केनियातच २०११ मधे आलेल्या दुसऱ्या अभ्यासात तर रोज मेसेज आणि आठवड्याला मेसेज अशी तुलना केली होती, आठवड्याच्या मेसेजचा उपयोग झाला आणि रोजच्याचा झाला नाही. रोज वाजणाऱ्या गोष्टीकडे माणूस बघेनासा होतो, घरात सासू असो नाहीतर फोन.

आणि आपल्याकडचं? दक्षिण भारतात तीन ठिकाणी ६३१ एचआयव्ही पेशंटवर असाच प्रयोग झाला, २०१४ मधे छापून आला, दर आठवड्याला कॉम्प्युटरवरून आपोआप फोन यायचा आणि एक चित्राचा मेसेज. काहीच फरक पडला नाही. केनिया आणि आपल्या या प्रयोगांत पेशंट वेगळे, दवाखाने वेगळे, त्यामुळे सरळ तुलना करू नये हे मला कळतं, पण केनियात पलीकडे नर्स होती आणि इथे रेकॉर्ड केलेला आवाज होता, हा फरक मला फार मोठा वाटतो. "अडचण आहे" म्हटल्यावर पुढे कोण ऐकतंय यावर सगळं आहे.

टीबीसाठी आपल्या देशातच एक फार हुशार कल्पना निघाली होती, ९९ डॉट्स नावाची, बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या लोकांनी काढलेली आणि पुढे सरकारी टीबी कार्यक्रमात वापरलेली. गोळ्यांच्या पट्टीला कागदाचं पाकीट, गोळी दाबून बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसणार, आज कुठला नंबर दिसेल ते आधी कळत नाही, त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, फुकट, कुठल्याही साध्या फोनवरून. कॉल आला म्हणजे आज गोळी पाकिटातून निघाली हे दवाखान्याला कळलं. मिस्ड कॉल आपल्या लोकांना शिकवायला लागत नाही, त्यामुळे मला ही कल्पना अजूनही आवडते. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत अचानक घरी जाऊन लघवी तपासून बघितलं तेव्हा कळलं की गोळी घेऊनही कॉल न देणारे पुष्कळ, आणि कॉल देऊनही गोळी न घेतलेलेही आहेत. म्हणजे फोनवरच्या हिरव्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. त्यातून गोळीच आली नाही तर? २०२४ च्या सुरुवातीला देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला होता, केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं होतं, तेव्हा लोक चिठ्ठी घेऊन आमच्या दुकानात यायचे आणि मी तरी कुठून देणार. सहा महिन्यांच्या कोर्समधे असा खंड पडणं म्हणजे काय ते टीबीवाल्यांना सांगायला नको.

आता जे जमलंय तेही सांगते, कारण ते आपल्या जिल्ह्यात जमलंय. २०१७ च्या शेवटी इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह नावाचा कार्यक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, महाराष्ट्रातले चार म्हणजे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. यात नवीन औषध काही नाही. सगळ्यांना एकच ठरलेली पद्धत, कुठल्या गोळीने सुरुवात, बीपी उतरलं नाही तर पुढची कुठली, गोळ्या महिन्याच्या एकदम द्यायच्या, मोजायला डिजिटल मशीन, आणि डॉक्टरबरोबर सिस्टरांनाही जबाबदारी. पण मला त्यातला फोनाचा भाग सगळ्यात पटला. पेशंटला कुठलंही अ‍ॅप टाकायला सांगितलं नाही! पेशंटला दिलं एक कार्ड, बीपी पासपोर्ट, त्यावर क्यूआर कोड. अ‍ॅप सिस्टरच्या फोनात, सिंपल नावाचं. कार्ड स्कॅन केलं की मागची सगळी बीपी दिसतात, आजचं टाकायचं, गोळी तीच की बदलली ते टाकायचं, पुढची तारीख, झालं, रांग अडत नाही. आणि त्यातच एक यादी येते, कोणाची तारीख होऊन गेली आणि कोण आलं नाही, नावासमोर फोनचं बटण, दाबलं की कॉल लागतो. त्या कार्यक्रमाला २०२२ मधे संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, पेपरात छोटी बातमी होती, पहिल्या पानावर यायला पाहिजे होती असं माझं मत आहे.

इथे फोन वाजतो तो पेशंटच्या खिशात चुकलेल्या गोळीसाठी नाही, तर दवाखान्यातून आलेला माणसाचा फोन म्हणून वाजतो. "आजी, आला न्हाई तुम्ही, काय झालं?" आणि मग आजी सांगतात की गुडघा धरलाय, एसटी सुटली, सून बाळंत झाली, गोळीने पाय सुजतायत. यातल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर आहे, उपकेंद्रात गोळ्या ठेवता येतात, आशाताईंबरोबर पाठवता येतात. लॉकडाऊनमधे गोळ्या घरपोच गेल्याच होत्या ना, आणि एकदम दोन महिन्यांच्यासुद्धा दिल्या होत्या कितीतरी ठिकाणी. मग आता का नाही?

या कामात आशाताई आणि सिस्टर यांच्यावर किती भार आहे हे मात्र बोललं पाहिजे. प्रत्येक योजनेचं वेगळं अ‍ॅप, एका बाईच्या एका फोनात गरोदर बायकांचं वेगळं, टीबीचं वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, कार्डं काढायचं वेगळं, आणि तीच माहिती परत रजिस्टरमधे हातानेही लिहायची. रेंज नसलेल्या वस्तीवर माहिती भरायची आणि मग रात्री घरी येऊन वर चढवायची. ज्या बाईने त्या वेळात चार पेशंटना फोन केला असता ती रकाने भरत बसते. ज्याला खरंच गरीब पेशंटची गोळी चालू ठेवायची आहे त्याने आधी या बायकांचे रकाने कमी करावेत, त्यांना फोनचं रिचार्ज वेळेवर द्यावं आणि मोबदलाही. मला हे सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय.

माझ्या दुकानात मी काय करते ते थोडक्यात. ज्यांची हरकत नाही त्यांचे नंबर एका वहीत आहेत, गोळ्या किती नेल्या त्यावरून कधी संपणार ते लिहिलेलं असतं, आणि संपून दोन-तीन दिवस झाले की मी फोन करते. माल खपवायला नाही, सरकारी दवाखान्यातून घेतल्या म्हणाले तर मला आनंदच आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवते, पट्टीचा फोटो आणि "ही सकाळची, जेवणानंतर, एकच". पुण्याच्या मुलांनाही हेच सुचवते, अ‍ॅप टाका, पण त्याच्यापेक्षा आईच्या आवाजात उत्तर येईल असा एक फोन आठवड्यातून करा, आणि "गोळी घेतली का" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "किती गोळ्या उरल्यात, मोजून सांग" असं विचारा, "नव्या गोळीने काही होतंय का" असं विचारा. आणि एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे आईला परत परत सांगा, अ‍ॅपमधली लाल खूण बघून घाबरून दोन-दोन घेणारे लोक आहेत.

राहता राहिले ऊसतोडवाले. दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात, पार मार्च-एप्रिलपर्यंत फडात, कोप्या घालून राहतात, पहाटे अंधारात तोड सुरू. त्यातल्या कितीजणांना बीपी-शुगर आहे हे त्यांच्या गावच्या दवाखान्याला माहीत असतं, पण ते इथे असतात. त्यांच्या गावी यादीत "आले नाहीत" अशी नावं चढतात, इथे त्यांचं नावच कुठे नसतं, आणि मुकादमाने उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, दिलेली असल्यामुळे कामाचा दिवस मोडून दवाखान्यात जायची सोय नसते, खाडा धरतात. गेल्या हंगामात एक बाई आली होती, पदराच्या गाठीत दुमडून ठेवलेला सरकारी दवाखान्याचा केसपेपर, त्यावर बीपी आणि गोळीचं नाव. तो केसपेपर होता म्हणून इथल्या सिस्टरांनी तीच गोळी त्याच दिवशी चालू केली, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आता आभा नंबर आलाय, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळखीचा, १४ आकडी, त्याने नोंदी कुठेही दिसाव्यात असा उद्देश आहे, तो या लोकांसाठी सगळ्यात आधी वापरात आला पाहिजे, कारण शहरातल्या माणसाकडे फाइल असते, यांच्याकडे पदराची गाठ असते.

या वर्षी गाळप सुरू व्हायच्या आत मी आमच्या ओळखीच्या दोन मुकादमांशी बोलणार आहे. टोळीत बीपी-शुगर-टीबीची गोळी कुणाला चालू आहे हे त्यांनी मला सांगू नये, ते ज्याचं त्याने सांगावं, फक्त रविवारच्या बाजाराला दुकानावर येताना जुना कागद किंवा पट्टी सोबत आणा एवढा निरोप टोळीत द्यावा. सिस्टरांशी बोलणं झालंय, त्या बाजाराच्या दिवशी बीपीचं मशीन घेऊन संध्याकाळी तासभर स्टँडजवळ बसायला तयार आहेत, मेडिकल ऑफिसरांची परवानगी तेवढी यायची आहे. वाचणाऱ्यांत कुणी कोल्हापूर-सांगलीकडचे मेडिकलवाले किंवा बीडकडच्या आशाताई असतील, आणि तुमच्याकडे असं काही चालू असेल, तर कसं करता ते मला कळवा, टोळ्या उतरायच्या आत.